आखणी बाकी

आमच्या मामाच्या कारखान्यात आखणी सगळ्यात शेवटी होते. हे मला लहानपणापासून इतकं माहीत होतं, की दुसरीकडे कुठे ती सगळ्यात आधी होत असेल असं कधी मनातच आलं नाही. ते कळलं रोह्याच्या कॉलेजात, शेवटच्या वर्षाला, सेमिनारच्या दिवशी.

विषय असा होता: एखादी कंपनी आपला माल बाजारात यायच्या आधी लोकांपुढे कसा मांडते. कंपनी ज्याची त्याने निवडायची. वर्गात बहुतेकांनी मोटारसायकली घेतल्या, कोणी मोबाइल, कोणी साबण. मी घेतली व्हिडिओ गेमचे कन्सोल बनवणारी एक परदेशी कंपनी. नाव लिहून घेताना मॅडमनी वर बघितलं.

"तू गेम खेळतेस?"

"नाही मॅडम, फारशी नाही. बघते."

ते खरंच होतं. पण पुढे काही विचारतील म्हणून मी पटकन जागेवर जाऊन बसले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा धाटावला कंपनीत शिफ्टला जातात, आईची शाळा माहेरी, पेणजवळच्या जोह्यातच सुटली. वर्गात उभं राहून बोलायची वेळ आली की मला अजून वाटतं, आपण दुसऱ्या कोणाच्या जागेवर बसलोय आणि तो कधीही येऊन म्हणेल, ऊठ. तरी त्या दिवशी बोलले. कंपनी वर्षातून एकदा प्रदर्शनात मोठा हॉल घ्यायची, जगभरचे व्यापारी आणि पत्रकार यायचे, दिवे मालवायचे, मोठ्या पडद्यावर येणाऱ्या गेमचे तुकडे दाखवायचे, असं सगळं सांगितलं. आणि मग म्हणाले, "यातले बरेच गेम दाखवतात तेव्हा त्यांची आखणी झालेली नसते."

"थांब," मॅडम म्हणाल्या. "आखणी झालेली नसते? आखणी न करता कंपनी एवढा खर्च करेल? आखणी तर पहिली पायरी."

चूक कुठे झाली तेच कळेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून पेणकडचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ती गणपतीची आखणी बोलतेय. डोळ्यांची."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या, पण चांगलं हसल्या. "अगं, मग डोळे म्हण ना. बोल पुढे."

पुढे मी बोलले खरी, पण काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मला दुसराच आवाज ऐकू येत होता. गेमसाठी तो शब्द वापरायची रीत माझी नव्हती. ती माझ्या मामेभावाची, दादाची होती.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. मूर्ती साच्यातून काढली, सुकवली, घासली, अंगाला रंग दिला, पीतांबर पिवळं केलं, सोनेरी लावलं, तरी तोवर ती वस्तूच असते. कारागीर तिला काखेत मारून इकडून तिकडे नेतात, वाटेत आली तर पायाने सरकवतात. आखणी झाली की मग कोणी पाय लावत नाही. मामाच्या कारखान्यात आणखी एक रीत आहे, सगळ्या जोह्यात असेलच असं नाही. व्यापाऱ्यांना दाखवायला जो नमुना करतात, त्याची आखणी करत नाहीत. नमुना फळीवर वर्ष-दोन वर्षं बसायचा असतो. डोळे दिले तर त्याला पूजा हवी, आणि पूजा झाली की पाण्यात पोचवायला हवा. "बघणाऱ्याला फळीवर बसवायचं नाय," असं मामा म्हणतो.

दादा म्हणजे या मामाचा मुलगा. माझ्यापेक्षा थोडाच मोठा. बारावीनंतर कारखान्यातच बसला आणि बघता बघता सगळी आखणी त्याच्याकडे आली. कन्सोल त्याच्याकडे आला तो आमच्या गावातून, रोह्याजवळच्या अष्टमीतून. शेजारच्या चाचांच्या मुलाने दुबईहून नवा आणला, तेव्हा जुना चाचांनी आमच्या घरी दिला, आणि आमच्या घरात टीव्हीच्या खोलीतच शिफ्टवरून आलेले बाबा झोपतात म्हणून तो जोह्याला गेला. दादा त्यावर दोन-तीनच गेम खेळायचा, तेच तेच. त्याला खरी हौस होती ती न आलेल्या गेमची.

कंपनीचा तो कार्यक्रम जूनच्या सुमाराला असायचा. मी सुट्टीत जोह्यालाच असायचे. कारखान्यात तेव्हा कामाची घाई. कार्यक्रम आपल्याकडच्या रात्री व्हायचा, दादा सकाळी लावायचा. रंगाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवायचा, स्वतः ब्रश घेऊन मूर्तीसमोर, आणि मी शेजारी पाटावर. इंग्रजी वाचायचं काम माझं.

"काय लिहिलंय गो खाली? बारीक?"

"हे प्रत्यक्ष खेळातलं दृश्य नाही."

"बघ," तो खूश व्हायचा. "नमुना हाय."

हॉल काळोखा असायचा. मग कंपनीचा मोठा माणूस यायचा, अंगात कोट, पायात साधे बूट. तो फार बोलायचा नाही. दादाला त्याचं फार कौतुक. "आपला बाप बघ, शेठ आला की अर्धा तास मातीच्या किमतीवर बोलतो. हा माणूस नुसता बाजूला होतो." तो बाजूला झाला की पडदा उजळायचा. काही गेम पुरते दाखवायचे. एक माणूस स्टेजवर बसून खरोखर खेळायचा, शेवटी तारीख यायची. काहींचं नुसतं वर्ष. काहींचं वर्षही नाही, दोन मिनिटांचं चित्र आणि नाव. हॉलमधले लोक टाळ्या सगळ्यात जास्त या शेवटच्यांना वाजवायचे, हे मला चमत्कारिक वाटायचं. दादाला नाही वाटायचं. त्याने सगळ्यांची आपल्या भाषेत वाटणी केली होती. तारीख सांगितली तर आखणी झाली. वर्ष सांगितलं तर रंगात आहे. नुसतं नाव असेल तर, "आखणी बाकी. माती तरी मळली असंल का, देव जाणे."

नुसतं नाव असलेला एक गेम त्याच्या मनात बसला. चित्रात एक काळं पाणी होतं, खाडीसारखं. काठावर एक छोटी आकृती पाठमोरी बसलेली, डोक्यावर टोपडं. ती मान वाकडी करून, एक कान पाण्याकडे लावून काहीतरी ऐकत असते. आपण हळूहळू तिच्या मागून जवळ जातो. पाण्यातून काहीतरी आवाज येतो, शब्द वाटतात पण कळत नाहीत. आकृती तोंड वळवायला लागते, आणि तेवढ्यात काळोख होतो आणि नाव येतं. बस.

दादाने ते किती वेळा बघितलं असेल सांगता येणार नाही. त्या पावसाळ्यात त्याने शाडूत एक नमुना घडवला. बसलेला गणपती, हातभर उंच, मान एका बाजूला झुकलेली, एक कान पुढे आणलेला. ऐकणारा. मामाने तो सगळ्या बाजूंनी फिरून बघितला.

"हा काय ऐकतोय?"

"तुमचं कोण ऐकत नाय या घरात," मामी चुलीकडून म्हणाली, "निदान तो तरी ऐकू दे."

मामा हसला, पण त्याने नमुना मधल्या फळीवर ठेवला, दारातून आत येणाऱ्याला पहिला दिसेल असा. त्या वर्षी दिवाळीनंतर व्यापारी आले ते त्याच्यासमोर थांबले. पुण्याकडचे एक शेठ आहेत, वर्षानुवर्षं माल घेणारे, ते तर खाली बसून बघत राहिले. "भाऊ, हा कधी येणार?"

"पुढच्या वर्षी," मामा म्हणाला. साचा काढायचा होता अजून. शाडूच्या मूर्तीवर रबर घालून साचा काढतात, साचा निघतो पण मूळ मूर्ती बहुतेक वेळा मोडते. दादा म्हणत होता की आधी हाताची बोटं थोडी सुधारतो, मग घालू.

पुढच्या वर्षी, ऐन सीझनला, दादाला ताप आला. पेणला नेला, तिथून पुढे पनवेलला. जास्त लिहिण्यासारखं काही नाही. चार दिवसांपूर्वी ब्रश तोंडात धरून गाणं म्हणणारा माणूस परत आला तो ॲम्ब्युलन्समधून. सुतकात मामाने मूर्तीला हात लावला नाही. आखणीला बाहेरून माणसं आणली, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे सगळा माल वेळेवर गेला. मला आठवतं, टेम्पो भरत होते आणि शेकडो डोळे आमच्याकडे बघत बाहेर निघाले होते. त्या टेम्पोतला एकही दादाच्या हातचा नव्हता, आणि हे फक्त घरच्यांनाच ओळखता आलं असतं.

फळीवर तो राहिला. पांढरा, डोळ्यांच्या जागी नुसता उंचवटा, एक कान दाराकडे.

त्यानंतर कारखान्यात एक गोष्ट बदलली. कोणी ठरवून केली नाही. त्या फळीखालून जाताना मामा हळू बोलायला लागला. कारागिरांवर ओरडत येत असेल तर तिथे आवाज खाली यायचा, पुढे गेला की परत वर. मामी उलट त्याच्यासमोर जास्त बोलायची. झाडू मारताना, भात सुकला की नाही, कोणाच्या घरी बारसं आहे, असलं काही. मी सुट्टीत गेले की पाटावर बसायचे, पण त्याच्याकडे पाठ करून. पाठ केली की वाटायचं तो पाठीवरून ऐकतोय. तोंड केलं की वाटायचं, हा आता वळेल.

आणि दर वर्षी शेठ विचारायचे. "भाऊ, हा कधी येणार?" दर वर्षी मामा म्हणायचा, "पुढच्या वर्षी."

त्या गेमचंही तेच. मी कार्यक्रम बघायचं सोडलं नव्हतं. आता कंपनी हॉलसुद्धा घेत नाही. आधी रेकॉर्ड केलेला कार्यक्रम सोडते, टाळ्या नाहीत, त्याऐवजी बाजूला लोकांचे लिहिलेले शब्द भराभर वर सरकतात. त्यात दर वर्षी कोणीतरी त्या गेमचं नाव लिहितं. कुठे आहे? कधी येणार? आणि कार्यक्रम संपतो. मी सेमिनारला ही कंपनी का घेतली ते मॅडमना नीट सांगता आलं नाही, ते हेच होतं. मला खरंच समजून घ्यायचं होतं की न झालेली गोष्ट दाखवतात कशी, आणि दाखवल्यावर पुढे तिचं काय करतात.

परीक्षा संपल्यावर मी जोह्याला गेले. रोह्याहून पेणची एसटी, पेणहून जोह्याची. मामाला सेमिनारची गंमत सांगितली. मॅडमना वाटलं आखणी म्हणजे आधी ठरवणं. मामाला हसू येईल असं मला वाटलं होतं. तो घासकागद थांबवून म्हणाला, "तसं बघितलं तर त्याची ती आखणी सगळी झाली होती. बोटं सुधारायची, साचा घालायचा, तीन रंगांत काढायचा. माझ्याजवळ बोलला होता." आणि परत घासायला लागला.

त्याच आठवड्यात शेठ आले. माल बघायचं निमित्त, पण बसले ते फळीसमोर.

"भाऊ, तुमचं पुढचं वर्ष उजाडतं तरी कधी? या मूर्तीचे फोटो मी चार गावांत दाखवलेत. लोक मला विचारतात."

"पुढच्या वर्षी नक्की."

"मागच्या वर्षीही नक्कीच होतं." शेठ हसत म्हणाले, मग हसणं थांबवून, "हे बघा, मला कळतं. नसेल काढायचा तर तसं सांगा. मी परत विचारणार नाही."

मामी चहा घेऊन आली होती ती दारातच उभी राहिली. तिघांनाही कळत होतं काय अडलंय. साचा घातला तर मूर्ती मोडणार, दादाच्या बोटांचे ठसे असलेली एकच मूर्ती. आणि काढणार नाही म्हटलं, तर त्याचं येणं तिथेच संपणार. पुढच्या वर्षी म्हटलं की तो दर वर्षी थोडा यायचाच बाकी राहायचा. मामाला कोणतंच एक तोंडातून काढता येत नव्हतं. शेठ चहा पिऊन गेले.

जूनमध्ये कार्यक्रम झाला. सकाळी मी पाटावर बसून लावला तर मामा येऊन शेजारी बसला. असा तो कधी बसला नव्हता. शेवटपर्यंत बघितला. तो गेम नव्हता.

"आला नाय?"

"नाही मामा."

"तुझी ही कंपनी काय करते गो, एखादा आणायचाच नसंल तर?"

मी जरा विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं. "कधी कधी सांगतात, रद्द केला म्हणून. पण बहुतेक वेळा काहीच सांगत नाहीत. पुढच्या वर्षी दाखवत नाहीत, एवढंच. लोक विचारतात, मग हळूहळू विचारायचे थांबतात."

"म्हणजे आम्ही त्यांच्यापेक्षा वाईट," मामा म्हणाला. "आम्ही दाखवतोच हाय."

मग तो उठून कामाला लागला. मला वाटलं, विषय संपला.

नागपंचमी झाली होती. दुपारी कारागीर जेवून आडवे झाले होते. मामाने मला हाक मारली. बघते तर त्याने नमुना फळीवरून उतरवून फिरत्या पाटावर ठेवला होता. त्याच्यावर बसलेली धूळ मऊ ब्रशने काढलेली. शेजारी पांढरा आणि काळा रंग, आणि दादाचा बारीक ब्रश. कुंचल्याच्या दांड्यावर त्याच्या दातांच्या खुणा होत्या.

"पाट धर," मामा म्हणाला. "हलू देऊ नको."

मामी पदर डोक्यावर घेऊन येऊन बसली. म्हणजे तिला माहीत होतं. त्यांचं आधी बोलणं झालं असेल, कधी ते मला माहीत नाही.

मामाने ब्रश रंगात बुडवला आणि हात वर नेऊन तसाच थांबला. बराच वेळ थांबला.

"बघतो कुठं हा?"

"म्हणजे?"

"मान वाकडी हाय. समोर बघितलं तर तिरळा दिसंल. त्या पिक्चरमध्ये कुठं बघतो? तू बघितलंयस."

"दिसतच नाही मामा. तोंड वळवायच्या आत नाव येतं."

"त्याने कधी सांगितलं का?"

"नाही."

बाहेर कुठेतरी एसटीचा हॉर्न वाजला. शेवटी मामी म्हणाली, "ऐकणारा माणूस बघत नाय कुठं. खाली बघतो. तो बघा ना, मी बोलत असले की कसा खाली बघून हं हं करायचा."

मामाने मान हलवली. अंगाला रंग काही दिला नाही. त्या पांढऱ्या अंगावर त्याने खाली झुकलेली पापणी ओढली, एका रेषेत, खालून बुबुळाचा थोडासा काळा. एक डोळा झाला आणि तो हात धुवायचं निमित्त करून उठला. तेवढा वेळ मी पाट धरून होते. एका डोळ्याने तो माझ्या हातांकडे बघत होता. मी खोटं लिहीत नाही, मला भीती वाटली. दादाची नाही वाटली. पाट सोडला तर काय होईल, याची वाटली. मामा येऊन दुसरा डोळा काढेपर्यंत मी पाट सोडला नाही.

झाल्यावर मामीने हात जोडले. मग मामाने जोडले, मग मी. एवढी वर्षं ज्याच्या खालून आम्ही दबकत जात होतो, त्याला आता नमस्कार करता येत होता.

"आता फळीवर नाय ठेवायचा," मामा म्हणाला, आणि तो घरात नेऊन ठेवला.

त्या वर्षी मामाच्या घरी गणपती म्हणून तोच बसला. आई, बाबा, मी, सगळे अष्टमीहून गेलो. गावातले लोक दर्शनाला यायचे आणि म्हणायचे, रंग का नाय दिला? मामा म्हणायचा, असाच आणलाय. दीड दिवसाने उठवला. तळ्याच्या काठावर आरती झाल्यावर मामाने तो पाटासकट उचलला, आणि मामी म्हणाली, "जरा थांबा." तिने पुढे आलेल्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती. मामा गुडघाभर पाण्यात वजन घेऊन उभा.

"आटप गो, मागे रांग हाय."

"असू दे रांग."

तिने काय सांगितलं ते तिने कोणाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. शाडू लवकर विरघळतो. कान आधी गेला असणार, तोच पाण्याकडे होता.

दिवाळीनंतर मी गेले होते तेव्हा शेठ आले. सवयीने फळीकडे वळले आणि थबकले.

"भाऊ, तो कुठे गेला? तो कधी येणार?"

मामा दुसऱ्या एका नमुन्याची धूळ पुसत होता. पुसायचं न थांबवता म्हणाला, "तो येऊन गेला, शेठ."

शेठनी टोपी काढली, थोडं थांबून परत घातली, आणि बाकीच्या मूर्ती बघायला लागले. मग मामा त्यांना मातीच्या किमतीबद्दल सांगायला लागला, चांगला अर्धा तास.

मधल्या फळीवरची ती जागा अजून रिकामी आहे. तिथे दुसरा नमुना ठेवायचा असं मामा म्हणतो, पण ठेवलेला नाही. खालून जाताना त्याचा आवाज अजून हळू होतो.